सालासकट कूट

"माझं दोन किलो लिहा," असं मोहिनी बोरस्तेने गुरुवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. घरटी अर्धा किलो शेंगदाण्याचं कूट, असं आधीच ठरलं होतं. सगळ्या यादीत अर्धा, अर्धा, अर्धा, आणि मध्येच एक दोन. साध्या हळदीकुंकवाला कुणीतरी पैठणी नेसून यावं तसं ते दिसत होतं. रंगनाथकाकांनी मात्र मान डोलावत लिहून घेतलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून कॉलनीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं आणि मोठा आकडा लिहायला मिळाला की त्यांचं अक्षर आपोआप सुधारायचं.

तुळजाई कॉलनी म्हणजे म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडला लागून चोवीस रो-हाउस. नवरात्रात वणीच्या गडावर पायी निघालेली माणसं तिच्या कमानीसमोरूनच जातात. अनवाणी, खांद्यावर झेंडा, कुणाच्या कडेवर पोर. गेली नऊ वर्षं पाचव्या माळेला कॉलनी त्यांना साबुदाण्याची खिचडी देत आली होती. साबुदाणा, तूप आणि आचारी वर्गणीतून. कूट मात्र घराघरातून. देवीच्या वाटेवर प्रत्येक घरचा हात लागला पाहिजे, असं त्यामागचं कारण सांगायचे. त्यामुळे कुणाचा हात किती मोठा हेही सगळ्यांना दिसायचं, हे कुणी सांगायचं नाही.

मोहिनीचा हात मोठा असणं भागच होतं. तिला सगळे 'सोप्पा डबा'वाली म्हणून ओळखायचे. तिच्या मुलीच्या, आरोहीच्या शाळेतल्या आयांचा जो ग्रुप होता, त्यावर ती रोज सकाळी सव्वासहाला एक फोटो आणि चार ओळी टाकायची. कणकेत पालक, इडलीच्या पिठाचे अप्पे, रात्रीच्या भाताचे कटलेट. बाकीच्या आया त्यावर टाळ्यांची चित्रं टाकायच्या आणि मुलांना पोळीला साखर-तूप लावून शाळेत पाठवायच्या. एप्रिलमध्ये तिने चार किलो दाणे भाजून, सालं पाखडून, पांढरंशुभ्र कूट करून काचेच्या दोन बरण्या भरल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, "एकदाच करा, सहा महिने निवांत." एकशे बारा जणींना ते आवडलं होतं. मोहिनीला आकडा पाठ होता.

आता दोन किलो कबूल केल्यावर शुक्रवारी दाणे आणायचे, शनिवारी भाजायचे, असं तिने ठरवलं होतं. शुक्रवारी 'नवरात्र स्पेशल डबा' लिहिण्यात गेला. शनिवारी राजगिऱ्याच्या थालीपिठाचा फोटो मनासारखा येईना, चार वेळा थालीपीठ लावलं, नवऱ्याने, संतोषने ती चारही मुकाट्याने खाल्ली. रविवारी सकाळी साडेआठला कमानीपाशी माईकवरून हाक आली, "ज्यांचं कूट यायचं राहिलं असेल त्यांनी आणावं," आणि मोहिनीने ओट्याखालची एप्रिलमधली बरणी बाहेर काढली.

झाकण उघडलं तेव्हाच तिला कळलं होतं. हे पुढे तिने स्वतःशी कितीही वेळा वेगळ्या तऱ्हेने मांडून बघितलं, तरी हा भाग बदलत नव्हता. जुन्या तेलाच्या डब्यासारखा एक वास आला. तिने नाक मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं आणि ठरवलं की तेवढा नाहीये. मग कढई तापवून तिने कूट जरा गरम करून घेतलं, वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली, आणि वास थोडा दबला. बारा किलोंत दोन किलो. कुणाला कळणार? स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून, वर कोरा रुमाल बांधून ती निघाली.

मंडपात सगळ्यांचे डबे ओळीने मांडलेले होते. आचारी देवराम परातीत एकेक डबा रिकामा करत होता. "वा ताई," तो मोहिनीचा डबा ओतताना म्हणाला, "रवा आणला काय? लय पांढरं!" मोहिनी हसली. त्यानंतर जो डबा आला तो प्लास्टिकचा, तेलकट झालेला, झाकणाला रबर लावलेला. आतलं कूट तांबूस, जाडंभरडं, सालासकट.

"हे कुणाचं?" चैतालीने नाक न मुरडता मुरडल्यासारखं विचारलं. चैताली शेजारच्या रो-हाउसमधली. मोहिनीची मैत्रीण आणि पहिली प्रेक्षक.

"माझं हाय," मागून आवाज आला. साळूबाई खाली बसून बटाटे सोलत होत्या. गिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत त्या मुलाच्या संसारात राहायच्या. गाव नांदगावकडचं. मुलगा रविराज एकलहऱ्याला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला, सून निकिता सकाळी सातच्या कंपनीच्या बसने जाणारी, नात पायल आरोहीच्याच वर्गात. कॉलनीच्या चोवीस घरांत त्या मोडत नव्हत्या, पण दर वर्षी अर्धा किलो कूट आणायच्या, सकाळी बटाटे सोलायच्या आणि दुपारी चारला गिरणीमागच्या बायांबरोबर गडाची वाट धरायच्या. गडाची ही वाट तर सतरा वर्षांची. कमरेचं दुखणं निघालं तरी एकही वर्ष चुकलं नव्हतं. "सालात ताकद राहती," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बटाट्याकडे वळल्या.

साडेदहाला खिचडी झाली. चाखली कुणीच नाही. आईला नैवेद्य दाखवल्याशिवाय पातेल्याला जीभ लावायची नाही, हा नियम. देवराम तर म्हणायचा, मीठ मी हातानेच ओळखतो. वासाचं म्हणाल तर मिरची-जिऱ्याच्या फोडणीपुढे कुणाचं नाक चालतं, आणि त्याच्या गालात तंबाखूची गोळी होती. रंगनाथकाकांनी नैवेद्य दाखवला, आरती झाली, आणि पहिला प्रसाद द्रोणातून कार्यकारिणीला वाटला गेला.

रंगनाथकाकांनी घास तोंडात घातला. त्यांच्या भुवया वर गेल्या, तिथेच थांबल्या आणि हळूहळू खाली आल्या. त्यांनी गिळला. प्रसाद थुंकता येत नाही. चैतालीने घास घेतला, डोळे मिटले, आणि भक्तीने मिटलेत असं वाटावं इतका वेळ मिटून ठेवले. एकेक करत नऊ जणांनी प्रसाद गिळला आणि नऊ जण गप्प राहिले. प्रत्येकाला वाटलं, आपल्याच तोंडाला चव नाही, उपासाने पित्त झालंय. "छान झालीय," रंगनाथकाका म्हणाले. "वाढा."

मोहिनीने प्रसाद हातात घेतला होता, खाल्ला नव्हता. ती नुसती तोंडं बघत होती.

रस्त्यावरून पहिली टोळी आली. पंधरा-वीस माणसं, शहराकडून आलेली. द्रोण भरभर गेले. आणि त्यातला एक अश्विन नावाचा तरुण, टी-शर्टवर पाठीमागे नाव छापलेलं म्हणून कळलं, दुसऱ्याच घासाला थांबला. त्याला ना कॉलनीची भीड ना अध्यक्षांची.

"काका," तो म्हणाला, "खवट आहे की हे. पार कडू."

मग काय, सगळ्यांच्या जिभा एकदम सुटल्या. "मला तेव्हाच वाटलं होतं!" "अहो, घशात अजून टोचतंय!" आत्ता दोन मिनिटांपूर्वी छान म्हणणारे रंगनाथकाका आता पातेल्याजवळ उभं राहून चौकशी अधिकाऱ्याच्या आवाजात विचारत होते, "साबुदाणा खवट होत नाही. तूप कालचं, मी स्वतः आणलं. म्हणजे कूट. कुणाचं कूट?"

देवरामने खांदे उडवले. "परातीत सगळं एक झालं, काका. आता मी काय सांगू."

चोवीस घरांनी चोवीस घरांकडे बघितलं आणि मग सगळ्यांची नजर फिरत फिरत टेबलाखाली ठेवलेल्या त्या प्लास्टिकच्या तेलकट डब्यावर जाऊन थांबली. कुणी काही बोललं नाही. बोलण्याची गरजही पडली नसती. दोन मिनिटांत विषय कुजबुजीत विरघळला असता. पण ती दोन मिनिटं मोहिनीला सोसवेनात. कुणाची तरी नजर आता आपल्या स्टीलच्या डब्याकडे वळेल असं तिला वाटलं, आणि ती बोलली.

"सालासकट कूट लवकर खवट होतं," ती म्हणाली. "मी मागेच ग्रुपवर टाकलं होतं."

बस्स, एवढंच. कुणाचं नाव नाही, कुणाकडे बोट नाही. शाळेच्या पुस्तकात छापता येईल असं निरुपद्रवी वाक्य. "हो ना गं, टाकलं होतंस," चैताली म्हणाली आणि सरळ वळून साळूबाईंकडे बघायला लागली.

साळूबाईंच्या हातात पाण्याचे ग्लास होते. ते त्यांनी खाली ठेवले. त्यांनी रंगनाथकाकांकडे बघितलं, मग पातेल्याकडे, मग मंडपातल्या देवीच्या फोटोकडे, आणि हात जोडले.

"माझंच असंल मंग," त्या म्हणाल्या. "मी तर काल भाजलंय. पण असंल. तुमी शिकलेली माणसं, तुमाला कळतं. माफी करा समद्यांनी."

"राहू द्या हो आजी," रंगनाथकाका मोठेपणाने म्हणाले. "होतं."

"होतं कसं," साळूबाई म्हणाल्या. "आईच्या नैवेद्यात खवट घातलं. आता कोणतं त्वांड घेऊन गडावर जाऊ? यंदा नाय जायची मी." त्यांनी आपला डबा उचलला, पदराने पुसला, रबर लावलं आणि गिरणीकडच्या बोळाने गेल्या.

"पुढच्या वर्षीपासून कूट फक्त कॉलनीतूनच घेऊ," चैताली हळूच म्हणाली. दोघी-तिघींनी माना हलवल्या. मोहिनीचीही मान हलली. तिने हलवली नव्हती, पण हलली.

खिचडी देवरामच्या ओळखीच्या गोठ्यावर गेली. तिकडे म्हशींनी काय मत दिलं ते कुणी विचारलं नाही. रंगनाथकाकांनी धावपळ करून केळी आणि राजगिऱ्याचे लाडू मागवले, आणि दुपारी बारापर्यंत मंडप पुन्हा जयजयकार करायला लागला.

मोहिनी घरी आली ती सरळ ओट्यापाशी. दुसरी बरणी निम्मी भरलेली होती. रोजच्या डब्याच्या भाजीला, कोशिंबिरीला, चटणीला हीच वापरात. तिने चिमूटभर कूट जिभेवर ठेवलं. चव घशापर्यंत गेली आणि तिथेच बसली. हे आपण रोज वापरतोय? मग आपल्याला कधी कळलं कसं नाही? कळणार कसं, ती स्वतः डबा खातच नव्हती. ती फोटो काढायची.

"आरोही!"

आरोही आली. चौथीतली, दोन वेण्या, तोंडात केळं.

"डब्यातलं कूट कडू लागतं का गं?"

"हो," आरोही म्हणाली, कुणी पाऊस पडतो का विचारावं तसं. "कधीपासून."

"मग बोलली नाहीस?"

"बोलले होते. तू म्हणालीस नखरे करू नकोस, एकशे बारा आयांना आवडलंय."

मोहिनी ओट्याला टेकली. "मग डब्याचं काय करतेस?"

आरोहीने दाराकडे बघितलं, पळायला जागा आहे का याचा अंदाज घेतला. "तीन महिने झाले, मधल्या सुट्टीत मी आणि पायल तिचा डबा खातो. तिची आजी आता चार पोळ्या देते. मला माहितीये तुझी मैत्रीण येते, असं पायलला म्हणाली. शेंगदाण्याची चटणी असते, लाल, सालवाली. भारी लागते. तुझा डबा व्हॅनवाल्या काकांच्या कुत्र्याला."

"कुत्रा खातो?"

"पोळी खातो," आरोही प्रामाणिकपणे म्हणाली.

 मोहिनीचे कान गरम झाले होते. खाली कुणी नव्हतं, संतोष वर झोपला होता, पोरगी तर खेळायला पळालीसुद्धा, आणि तरी तिला वाटत होतं की अख्खी कॉलनी खिडकीतून आत बघतेय. जिला तिने चारचौघांत हात जोडायला लावले, ती बाई तीन महिने तिच्या पोरीला जेवू घालत होती. आणि तेही न बोलता. मोहिनीने चार पोळ्या दिल्या असत्या तर त्याचा फोटो टाकला असता.

संतोषला उठवून सांगावं असं तिच्या मनात आलं. तो म्हणाला असता, जाऊ दे ना, कुणाला कळणारे. तेच ऐकायची इच्छा होती, म्हणून ती गेली नाही. दोन वाजता तिने चपला घातल्या.

गिरणी रविवारी दुपारपर्यंत चालू असायची. बोळात पिठाचा वास आणि पट्ट्याची फडफड. साळूबाई खोलीच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. आतल्या बाजूला खुंटीला एक पिशवी भरून टांगलेली. कपडे, घोंगडी, पाण्याची बाटली. गडाची तयारी.

"या ताई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर मोहिनीला बरं वाटलं असतं. "बरं झालं आल्या. तुमाला ह्यातलं कळतं. हे जरा चाखून बघा." त्यांनी डब्याच्या तळाशी चिकटून उरलेलं तांबूस कूट चिमटीने मोहिनीच्या तळहातावर ठेवलं. "मी सकाळधरनं तीनदा चाखलं. मला तर ग्वाडच लागतंय. म्हटलं, म्हातारपणात माझी जीभ मेली का काय."

मोहिनीने ते तोंडात टाकलं. भाजल्याचा खरपूस वास अजून गेला नव्हता. सालाची किंचित तुरट चव, मग दाण्याची गोडी.

"तुमची जीभ बरोबर आहे, आजी. हे ताजं आहे."

"मंग खिचडी कशानं नासली?"

आतल्या आत मोहिनीने पाच-सहा वाक्यं मांडून बघितली. सगळ्यांत 'बहुतेक' होतं, 'वाटतं' होतं. ती सगळी तिने गिळली, सकाळी काकांनी प्रसाद गिळला तशी.

"माझं कूट होतं ते. एप्रिलमधलं."

साळूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. रबर दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा बसलं.

"तुमाला कधी कळलं?"

इथे एक वाट होती. 'आत्ता घरी जाऊन बघितलं तेव्हा,' एवढं म्हटलं की निम्मं पाप उतरलं असतं. वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. साळूबाई तिच्याकडे बघत होत्या.

"सकाळीच," मोहिनी म्हणाली. "घरून निघताना."

"आन् तरी सालाचं बोलल्या."

"हो."

गिरणी बंद झाली. पट्टा फडफडायचा थांबला आणि बोळ एकदम फार शांत वाटायला लागला. मोहिनी वाट बघत होती. आता त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील, नाहीतर म्हणतील जाऊ द्या ताई. तिच्या मनाने त्यातलं शेवटचं निवडून तयारही ठेवलं होतं.

"मला कशापायी सांगता?" साळूबाई म्हणाल्या. "माझ्या एकलीच्या कानात सांगून तुमी मोकळ्या. मी काय करू त्याचं? हात मी कुठं जोडले व्हते? हितं जोडले का? चार लोकांत जोडले. तिथं सांगा."

"सांगते," मोहिनी म्हणाली. "पण तुम्ही गडावर जा. बाया थांबल्या असतील तुमच्यासाठी."

"ते माझं मी बघीन," साळूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मंडप ते बोळ चार मिनिटांची वाट. मोहिनीला परतायला जवळजवळ दोन तास लागले. ती एकदा घरी गेली, साडी बदलली, पुन्हा जुनीच नेसली. आरशासमोर तिने बोलायची तयारी करून बघितली. 'माझ्याकडून कूट जरा जुनं गेलं' असं म्हटलं की कूट स्वतःच्या पायांनी गेल्यासारखं वाटत होतं. 'मी जुनं कूट दिलं' हे म्हणताना ती आरशातून नजर काढून घ्यायची. ग्रुपवर लिहून टाकावं का? लिहिणं तिला जमायचं. चार ओळी, खाली हात जोडलेलं चित्र. तिने फोन हातात घेतला आणि त्या बाईने खरेखुरे हात जोडले होते हे आठवून खाली ठेवला.

चार वाजता कमानीपाशी गर्दी होती. गिरणीमागच्या दहा-बारा बाया पिशव्या खांद्याला लावून उभ्या होत्या. त्यांना निरोप द्यायला कॉलनीतली मंडळी जमली होती. रंगनाथकाका हळदीकुंकवाचं ताट घेऊन. बायांच्या मागे, जरा बाजूला, पिशवी घेऊन, अनवाणी साळूबाई. त्या आल्या होत्या. जायला आल्या होत्या की ऐकायला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"मला एक सांगायचंय," मोहिनी म्हणाली. आवाज फुटला नाही. तिने पुन्हा म्हटलं, आणि या वेळी तो इतका मोठा आला की रस्त्यावरचे दोघे-तिघेही थांबले. "सकाळचं खवट कूट माझं होतं. जुनं होतं ते मला माहीत होतं. साळूबाईंचं ताजं होतं, कालचं. मी मुद्दाम सालाचं बोलले."

 मोहिनीने मान खाली घातली. आता काय ते होऊ दे.

"अगं बाई, एवढंच ना!" चैताली म्हणाली. "मला वाटलं काय झालं. तू सगळ्यांचं किती करतेस, त्यात एखादी बरणी राहते मागे."

"खरंच," दुसरी म्हणाली. "आणि दोन किलो म्हणजे काही कमी नाही. आम्ही कुठे एवढं देतो."

"चूक कबूल करायला मोठं मन लागतं," रंगनाथकाका म्हणाले, हातातलं ताट एका बाजूला कलंडत होतं तरी. "हा आदर्श आहे, मंडळी." आणि त्यांनी ताट काखेत सावरून टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या.

टाळ्या. मोहिनीला वाटलं, आत्ता या रस्त्यात एखादा खड्डा मिळावा. सकाळी याच जागी जुन्या डब्याची, मळक्या हाताची एक बाई 'माझंच असंल' म्हणाली तेव्हा पुढच्या वर्षीपासून तिचं कूट बंद झालं होतं. त्याच जागी तोच गुन्हा पांढऱ्या हाताने केला तर टाळ्या. ती इतके दिवस या टाळ्या मोजत आली होती.

"मला काही नका म्हणू," ती म्हणाली. "त्यांना म्हणा ना काहीतरी. त्यांना!"

टाळ्या विरल्या. सगळे साळूबाईंकडे बघायला लागले आणि कुणालाच काय म्हणावं ते सुचेना. चैतालीने ओढणी सारखी केली. रंगनाथकाका खोकले. शाल-श्रीफळाचं भाषण त्यांना तोंडपाठ होतं, पण म्हाताऱ्या बाईची माफी कशी मागतात हे पाटबंधारे खात्यात कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्यांनी टेबलावर बघितलं, सकाळच्या उरलेल्या केळ्यांतलं एक उचललं आणि पुढे केलं.

"घ्या, आजी. केळं घ्या. वाटेत होईल."

साळूबाईंनी केळ्याकडे बघितलं. मग काकांकडे. मग केळं घेतलं आणि पिशवीत टाकलं.

"बोल सप्तशृंगी माते की जय," बायांमधली कुणीतरी ओरडली. त्या निघाल्या. मोहिनीच्या समोरून जाताना साळूबाई थांबल्या नाहीत. नजर रस्त्यावर होती, काटा-खडा बघून पाय टाकायची सवय. दिंडोरी रोडच्या वळणापर्यंत त्यांच्या पाठीवरची पिशवी दिसत राहिली.

मोठं पातेलं मोहिनीने घासलं. देवराम नको नको म्हणाला, चैताली तर फोटो काढायला निघाली होती. "काढू नकोस," मोहिनी इतक्या जोरात म्हणाली की चैतालीने फोन पर्समध्ये टाकला. खवट तेलाचा थर राखेने निघतो, पण हाताला लागतो तो वास चार-पाच वेळा साबण लावूनही जात नाही.

सोमवारी सकाळी सव्वासहाला ग्रुपवर काही आलं नाही. साडेसहाला कुणीतरी विचारलं, "मोहिनी, आज सोप्पा डबा नाही?" मोहिनी कणीक मळत होती. दोन्ही बरण्या धुऊन ओट्यावर पालथ्या घातलेल्या होत्या. गॅसवर अर्धा किलो नवे दाणे भाजून गार व्हायला ठेवले होते. तिने सालं काढली नव्हती.

आरोही वेण्या धरून उभी होती. "आई, दोन पोळ्या जास्तीच्या दे."

"चार देतेय. पायलची आजी गुरुवारपर्यंत नाही ना." मोहिनीने पाठमोरीच विचारलं, "पायलला काय आवडतं? शेंगदाण्याची चटणी करू? लाल, सालवाली?"

आरोहीने थोडा विचार केला.

"चटणी आवडते तिला," ती म्हणाली. "पण काल संध्याकाळी खेळताना म्हणाली, तुमच्या घरची नको."

मोहिनीने तव्यावरची पोळी उलटली. मग डब्यात चार पोळ्या घातल्या, गुळाचा एक खडा आणि थोडं तूप, आणि झाकण लावलं.